टी ट्रीच्या फांद्या छाटल्यावर वाळतात, मग बोन्साय करायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नर्सरीतून आणलेलं टी ट्रीचं झाड, उंची अडीच फूट, खोड बुंध्याशी अंगठ्याएवढं. पानं बारीक, कडक, टोकाला टोचणारी. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची. ‘टी ट्री कसंही छाटा, फुटतंच’ असं कुठेतरी वाचून गेल्या हंगामात एका बाजूच्या चार फांद्या आखूड केल्या आणि त्यातल्या तीन वाळल्या. आता उरलेल्या झाडाला आकार कसा द्यायचा, वायर कधी लावायची आणि बोन्साय ट्रेमध्ये कधी हलवायचं?

प्रश्न आकाराचा वाटतो, पण आधी ठरवायला हवं ते हे की तुमचं झाड जुन्या, पान नसलेल्या लाकडातून नव्याने फुटतं की नाही. छाटणी, वायर आणि ट्रे, तिन्हींची उत्तरं त्यावरून बदलतात.

टी ट्री म्हणून निदान चार वेगवेगळी झाडं मिळतात. खरा चहा, म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस: पानं मोठी, कडा दातेरी. दुसरं फुकियन टी: गडद चकचकीत पानं, त्यांवर बारीक पांढरे ठिपके, पुढे लहान लाल फळं, तयार बोन्साय म्हणून बरेचदा हेच हाती येतं. हे दोन्ही तुमच्या वर्णनात बसत नाहीत, त्यामुळे सोडून देऊ. उरतात मेलॅल्युका आणि लेप्टोस्पर्मम. दोन्ही एकाच कुळातली, दोघांची पानं बारीक आणि चुरगळली की वास येणारी, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

त्यांच्यातला फरक फुला-फळांत दिसतो. मेलॅल्युकाची फुलं कणसाने येतात, पुंकेसर लांब असतात, पाकळ्या पटकन लक्षातही येत नाहीत. फळं देठाशिवाय थेट फांदीला चिकटून बसलेली. लेप्टोस्पर्ममचं फूल सहसा एकेकटं, पाच सुट्या पाकळ्यांचं, मधे उघडा उथळ पेला आणि कडेने आखूड पुंकेसर. झाडावर मागच्या वर्षाचं वाळकं फळ असेल तर ते भिंगाखाली धरा. टी ट्री तेल देणाऱ्या मेलॅल्युकाचं, म्हणजे मेलॅल्युका आल्टर्निफोलियाचं फळ वरून तीन कप्प्यांत उघडतं. लेप्टोस्पर्मम स्कोपॅरियमचं पाच. सालही बघा: पहिल्याची कागदासारखी पापुद्रे सुटणारी, दुसऱ्याची उभ्या पट्ट्यांत निघणारी. टोचणारी पानं आणि पाच पाकळ्या पाहता तुमचं झाड लेप्टोस्पर्मम आहे, आणि बहुधा स्कोपॅरियम, ज्याला न्यूझीलंडमध्ये मनुका म्हणतात. गुलाबी आणि दुहेरी फुलांच्या बऱ्याच बागायती जाती याच्याच.

‘कसंही छाटा’ हा सल्ला खोटा नाही, पण तो मेलॅल्युकाचा आहे. तेलासाठी लावलेली मेलॅल्युका आल्टर्निफोलियाची झाडं जमिनीलगत कापतात आणि बुंध्यातून ती पुन्हा भरभरून फुटतात, कारण सालीखाली सुप्त डोळे टिकून असतात. मनुकाचं गणित वेगळं. तो वर्षानुवर्षं बंद फळांत बी साठवतो, आणि आग लागून झाड मेलं की ती फळं उघडतात. पुढची पिढी बियांतून उभी राहते. जुन्या, पान नसलेल्या लाकडातून फुटायची त्याला सवयच नाही. तुम्ही फांद्या हिरव्या भागाच्या आत, उघड्या लाकडात कापल्या असणार, म्हणून त्या वाळल्या. चौथी वाचली तिच्यावर कापाखाली एखादी हिरवी काडी राहिली असेल, जाऊन बघा.

हे सगळ्या लेप्टोस्पर्ममना सरसकट लागू नाही. काही जातींच्या बुंध्याशी लाकडी गाठ असते आणि त्या तिथून फुटतात. जातीची खात्री नसेल तर एखादी नको असलेली फांदी उघड्या लाकडात कापून पूर्ण हंगाम वाट पाहावी. फुटली तर मोकळेपणाने कापा. नाही फुटली तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आता छाटणी. नियम एकच, पण तो मोडायचा मोह सतत होतो: काप नेहमी हिरव्या काडीच्या वर, आणि मागे निदान दोन-तीन जोमदार हिरव्या काड्या शिल्लक. अडचण अशी की नर्सरीतल्या झाडाची पानं फांद्यांच्या टोकाला गोळा झालेली असतात आणि आपल्याला बोन्सायसाठी हवा असतो खोडाजवळचा भाग. तिथवर एका कापात पोहोचता येत नाही, टप्प्याटप्प्याने जावं लागतं.

पहिल्या हंगामात फांदी आखूड करायचीच नाही, फक्त विरळ करायची. टोकाकडच्या गर्दीतल्या काही काड्या त्यांच्या बुडापासून काढा, म्हणजे उजेड आत पोहोचतो. उरलेल्या काड्यांचे शेंडे कोवळे असतानाच बोटांनी खुडा. शेंडा खुडला की पानांच्या बगलेतले डोळे हलतात, आणि उजेड मिळाल्यामुळे त्यातले आतल्या बाजूचेही फुटतात. हे फुटवे पानं असलेल्या भागातूनच येणार हे गृहीत धरा. आतला फुटवा चार-पाच सेंटिमीटर वाढला, त्याला स्वतःचे उपफुटवे आले, की त्याच्या अगदी वर काप घ्या. फांदी एक टप्पा मागे आली. पुढच्या हंगामात तेच. दहा इंचांची फांदी चार इंचांवर यायला तीन हंगाम लागले तर ते हळू नाही, या झाडाच्या दृष्टीने योग्य वेगात आहे.

वेळ म्हणाल तर फुलं संपली की लगेच. त्यानंतरच्या वाढीवर पुढच्या फुलोऱ्याचे कळे धरतात, म्हणून उशिरा छाटलंत तर पुढच्या वर्षी फुलं कमी. त्या वेळी हिरव्या वाढीचा तिसरा हिस्सा काढला तरी चालतो. वाढीच्या काळात मधूनमधून शेंडे खुडणं चालू ठेवायचं. आणि आतल्या काड्या सावलीत पडू देऊ नका. सावलीत गेलेली काडी पानं टाकते, पानं गेली की ती फांदी आतून कायमची उघडी झाली. या झाडात दाट, घट्ट ‘ढग’ करायच्या नादात लोक नेमकं हेच करून बसतात. दिसायला थोडं विरळच ठेवावं.

वाळलेल्या तीन फांद्या इतक्यात कापू नका. नखाने साल खरवडा, मात्र वरचे सैल पापुद्रे बाजूला करून. नाहीतर सगळंच तपकिरी दिसतं. आत हिरवा ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. टोकाकडून खोडाकडे दर दोन इंचांवर बघत या आणि हिरवा थर कुठून सुरू होतो तिथे खूण करा. खरोखर मेलेल्या फांद्याही ठेवाच. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

आता पाणी. छाटणीच्या चुकीने फांदी जाते. पाण्याच्या चुकीने झाड जातं. लेप्टोस्पर्ममची तंतुमुळं फार बारीक असतात आणि एकदा पूर्ण सुकली की सावरत नाहीत. त्यात पानं कडक, त्यामुळे तहान लागली तरी ती जास्वंदीसारखी लोंबत नाहीत. झाड हिरवंच दिसत राहतं आणि आठवड्याने एकदम तपकिरी पडतं. तोवर मुळं कधीच गेलेली असतात. खूण शोधायची ती कोवळ्या शेंड्यांत. निरोगी शेंडा ताठ आणि किंचित चमकदार असतो. पाणी कमी पडू लागलं की शेवटचा दोन-तीन सेंटिमीटर भाग मऊ पडून थोडा वळतो आणि पानांचा रंग राखेकडे झुकतो. सकाळी पानांवरून तळहात फिरवायची सवय लावून घ्या. कोरडी खरखर हाताला डोळ्यांआधी कळते. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणंही तितकंच उपयोगी.

दिवसातून किती वेळा पाणी घालायचं हे तुमच्या हवेवर, वाऱ्यावर आणि कुंडीच्या खोलीवर आहे. उथळ ट्रेमध्ये कडक उन्हाळ्यात दोनदा घालावं लागेल, कोरडा वारा असेल तर तीनदाही. त्या दिवसांत ओल्या वाळूच्या तसराळ्यावर कुंडी ठेवली तर मुळांना खालून ओल मिळत राहते. मेलॅल्युका तर उन्हाळाभर सेंटिमीटरभर पाण्यात उभा राहिला तरी खूश असतो, तो मुळात पाणथळ जागेतला. लेप्टोस्पर्ममला मात्र वर्षभर पाण्यात बसवू नका. थंड दिवसांत माती आंबली की मुळं कुजतात. दुसरा धोका: कोकोपीट किंवा पीट जास्त असलेलं मिश्रण एकदा सुकलं की आक्रसतं, आणि वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जातं. भोकातून पाणी आलं म्हणून आपण निश्चिंत, आणि मधला गोळा कोरडा. अशी शंका आली की कुंडी काठापर्यंत पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १५ मिनिटं, तशीच ठेवा.

पाणी जड, क्षाराचं असेल तर काही महिन्यांनी नवी पानं पिवळट फिकी येऊ लागतील आणि जुनी हिरवीच राहतील. हे खत कमी पडल्याचं लक्षण समजून लोक खत वाढवतात. कारण बहुतेकदा वेगळं असतं: मातीचा सामू (pH) वर गेल्यामुळे झाडाला लोह उचलता येत नाही. या झाडाला किंचित आम्ल माती हवी, सामू साडेपाच ते साडेसहाच्या आसपास. पावसाचं पाणी साठवून वापरणं सर्वांत बरं. तेवढ्यापुरता चिलेटेड लोहाचा, म्हणजे झाडाला सहज उचलता येणाऱ्या रूपातल्या लोहाचा, डोस द्या.

रीपॉटिंगकडे, म्हणजे कुंडी बदलण्याकडे येऊ. नर्सरीच्या कुंडीतून थेट बोन्साय ट्रेमध्ये, हे या झाडाला झेपत नाही. मधे एक रुंद, अर्ध्या खोलीची कुंडी हवी आणि तिच्यात निदान दोन हंगाम. थंडी पूर्ण संपून नवे कोंब स्पष्ट हलू लागले की बदला, कारण तोडलेली मुळं गरम मातीतच लवकर भरून येतात. थंडीत झाड झोपलेलं असताना मुळं कापायची पद्धत पानझडी झाडांची आहे, इथे ती उसनी घेऊ नका. कडक कोरड्या उन्हाळ्याचा मधला काळही टाळा.

मुळांचा गोळा कधीही पूर्ण उघडा करायचा नाही, पाण्याने धुवायचा तर मुळीच नाही. तळाचा एक तृतीयांश भाग धारदार करवतीने सरळ कापून टाका. कडेची गोल फिरलेली मुळं काठीने हलकेच सोडवून, पसरवून छाटा. मधला गाभा तसाच राहू द्या; जुनी माती पुढच्या वेळी एका बाजूची, त्यापुढच्या वेळी दुसऱ्या बाजूची अशी बदलत जायची. जाड मूळ एका बाजूचं एकदम तोडलं तर बहुतेकदा त्याच बाजूची फांदी वाळते. म्हणून जाड मुळं निम्मी आखूड करा, आणि कापापासून नवी तंतुमुळं आली की पुढच्या रीपॉटिंगला उरलेलं काढा. सगळं काम सावलीत करा, शेजारी फवाऱ्याची बाटली ठेवा, मुळं पाच मिनिटंही कोरडी पडू देऊ नका.

मिश्रण म्हणून मी दोन भाग भरड, निचऱ्याचा माल (प्युमिस म्हणजे हलका सच्छिद्र दगड, विटांचे तुकडे किंवा जाड वाळू, ३ ते ६ मिलिमीटर, धूळ चाळून काढलेली), एक भाग कुजलेली साल किंवा पालापाचोळ्याचं खत आणि एक भाग नीट धुतलेलं कोकोपीट घेतो. कोकोपीट धुवायचं ते त्यातल्या मिठासाठी. हवा फार कोरडी असेल तर कोकोपीट थोडं वाढवा, सतत दमट असेल तर भरड माल वाढवा. झाड कुंडीच्या भोकांतून घातलेल्या तारेने घट्ट बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं रोज तुटतात. त्यानंतर तीन-चार आठवडे वारा न लागणारी, उजेडाची पण थेट दुपारचं ऊन नसलेली जागा. हवा कोरडी असेल तर वर सैल प्लास्टिकची पिशवी. खत महिना-दीड महिना नाही.

रीपॉटिंग, मोठी छाटणी आणि वायरिंग ही तिन्ही कामं एकाच हंगामात करू नका. तुमच्या झाडाने आधीच तीन फांद्या गमावल्या आहेत, तेव्हा क्रम असा ठेवा: हा हंगाम फक्त पाणी, ऊन आणि हलकं विरळीकरण. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला, नवी वाढ जोरात असेल तरच, मधली रुंद कुंडी. झाड तिथे रुळलं की त्यानंतर वायर. ट्रे सर्वांत शेवटी.

वायरिंगमध्ये या झाडाचे दोन दोष आहेत. कोवळी काडी हवी तशी वळते, पण लाकूड एकदा पिकलं की पेन्सिलीच्या जाडीची फांदीही टचकन मोडते. आणि फांदी मोडते ती मधे नाही, खोडाला जिथे जोडलेली असते तिथे. तो सांधा चिरतो. म्हणून वाकवताना डाव्या हाताचा अंगठा सांध्यावर दाबून धरायचा आणि वाक फांदीच्या पुढच्या भागात द्यायचा. ॲल्युमिनिअमची तार फांदीच्या एक तृतीयांश जाडीची, वेटोळे सुमारे ४५ अंशांत. पानं तारेखाली चिरडू नयेत म्हणून गुंडाळताना काड्या एकेक करून बाजूला काढा. हे कंटाळवाणं आहे, पण चिरडलेली काडी म्हणजे पुढचा फुटवा गेला. वाकवण्याआधी एक दिवस पाणी तोडायचं, म्हणजे फांदी लवचीक होते, अशी युक्ती इतर झाडांसाठी सांगतात. इथे ती करू नका, कारण वर सांगितलंच.

साल पातळ आणि वाढ वेगाची, त्यामुळे तार लवकर रुतते. दर तीन आठवड्यांनी बघा. काढताना उलगडू नका, वेटोळ्यागणिक कातरून काढा. पिकलेल्या फांद्यांसाठी तारेपेक्षा ओढदोरी बरी: फांदीभोवती रबरी नळीचा तुकडा, त्यातून तार, ती कुंडीच्या काठाला बांधून दर आठवड्याला अर्धा वेढा पिळायचा. दोन महिन्यांत फांदी तिच्या कलाने खाली येते.

आकाराचं बोलायचं तर सरळ, सममित, त्रिकोणी झाडाचा हट्ट सोडा. त्यासाठी ठराविक उंचीवर ठराविक फांदी लागते आणि तुमच्याकडे एका बाजूला तीन नाहीत. शिवाय लेप्टोस्पर्ममच्या मोठ्या जखमा फार हळू भरतात, काही कधीच भरत नाहीत. पण समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेली याच कुळीची झाडं पाहा: खोड कललेलं, वाऱ्याच्या बाजूचं लाकूड मेलेलं आणि पांढरं पडलेलं, जिवंत फांद्या सगळ्या एका बाजूला. तुमचं झाड त्या वाटेवर आधीच निम्मं गेलं आहे. मेलेली बाजू समोर किंवा थोडी कडेला येईल अशी ठेवा, रीपॉटिंगच्या वेळी झाड जिवंत बाजूकडे कलतं लावा आणि चौथी फांदी पुढे नेऊन तिला लांबी द्या.

मेलेल्या फांद्यांची साल सोलून लाकूड उघडं करा. टोक कात्रीने सपाट कापू नका. पकडीने धरून तंतूंच्या दिशेने फाडा, म्हणजे वाऱ्याने मोडल्यासारखं दिसतं. जिवंत सालीपर्यंत पोहोचलात की थांबा, तिथे फक्त धारदार चाकूने कड स्वच्छ करा. लाकूड पूर्ण सुकल्यावर चुनागंधकाचं द्रावण ब्रशने लावतात. त्याने लाकूड टिकतं आणि पांढरं होतं. आधी लाकूड थोडं ओलं करा म्हणजे द्रावण आत शोषलं जातं. काम उघड्यावर, हातमोजे घालून करा. माती प्लास्टिकने झाका, कारण हे द्रावण मुळांवर गळलेलं चालत नाही.

खत हलकं. वाढीच्या काळात पंधरवड्यातून एकदा पातळ खत, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने, आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेलं. ऊन किमान पाच-सहा तास थेट. घरात हे झाड जगत नाही, खिडकीतसुद्धा नाही. दोन-तीन दिवस शोभेला आत आणलं तर ठीक.

किडींपैकी बहुतेकदा दोनच त्रास देतात. एक आळी काड्या जाळ्याने एकत्र बांधून त्यात विष्ठेचा भुसा साठवते. लांबून ते वाळक्या पानांच्या पुंजक्यासारखं दिसतं, म्हणून दुर्लक्ष होतं. पुंजका हाताने उकलून आळी काढली की काम झालं, फवारणी लागत नाही. दुसरी खवले कीड. ती स्वतः दिसत नाही, दिसते ती फांद्यांवर चढलेली काजळी. काजळी म्हणजे किडीने सोडलेल्या चिकट रसावर वाढलेली बुरशी, तेव्हा बुरशीनाशक मारून उपयोग नाही. मऊ टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन काड्यांच्या बगला घासा, मग बागकामाचं तेल संध्याकाळी फवारा आणि दहा दिवसांनी परत. कीड गेली की काजळी आपोआप पापुद्र्याने निघून जाते. खोडाच्या सांध्यात लाकडाचा भुसा दिसला तर मात्र खोडकिडा आहे. भोकात बारीक तार घालून तो मारावा लागतो, आणि त्या हंगामात तारेचं वाकवणं त्या फांदीपुरतं रद्द करा.